दंडावरची देवी

फॉर्म अकरा दिवस फ्रिजवर आहे, चुंबकाखाली.
यरुशलेमच्या वसतिगृहाचा. बाकी सगळं भरलंय:
अवनेर एलायजा झिराडकर, वय सतरा,
चष्मा आहे, तोरा वाचता येते,
पुढे त्यानेच लिहिलंय, हळूहळू.
शेवटचा रकाना तेवढा कोरा:
मेंदूज्वराची लस, होय किंवा नाही, पालकाची सही.

मोझेल तिकडे न बघता दूध काढते.
पोर सव्वा वर्षाचं होतं तेव्हा.
टोचून आणल्याच्या आठव्या रात्री ताप,
आणि तिच्या मांडीवर ते एकदम ताठ,
डोळे वर. दीड मिनिट.
तापाची आकडी, डॉक्टर म्हणाले, होतं असं, जातं.
गेलं. परत आलं नाही.
पण ते दीड मिनिट
तिने अजून मांडीवरून खाली ठेवलेलं नाही.

मी नाना पेठेत गॅस्केट विकतो.
दोन लोखंडांमध्ये कागदाएवढी चकती घातली
की इंजिन तेल ओकत नाही,
माझं शहाणपण एवढंच. ते सांगून पाहिलं.
ती म्हणाली, "तुझं इंजिन रडत नाही."

गुंजाळ डॉक्टरीणबाईंनी जुनी फाईल मागितली,
बाहेर रांग असताना सावकाश वाचली.
ती लस वेगळी, ही वेगळी. आणि तो आता केवढा झाला!
एका खोलीत सहा मुलं, एक बाटली सहा तोंडांना,
हा आजार सकाळी नुसता ताप असतो,
आणि रात्री
तिथे त्या थांबल्या.
आम्हीही पुढचं विचारलं नाही.

अश्दोदहून मेव्हणा: इथे सगळे टोचतात,
तुम्ही पुणेकर फार चर्चा करता.
रास्ता पेठेत, शुक्रवारची प्रार्थना संपल्यावर,
दाऊदकाका टोपीची घडी करत म्हणाले,
जीव राखायला शब्बाथसुद्धा मोडता येतो,
आणि तुम्ही एका सुईशी अडलात.
कोणी म्हणालं, एलियाहू हन्नाबीला मलिदा बोला.
"बोललेय," मोझेल म्हणाली,
"पण सही काही तो करणार नाही."

मग रविवारी लेआआत्या आली.
एक्क्याऐंशी वर्षांची. न विचारता बाही वर सारली.
दंडावर दोन गोल, वाळलेल्या भोकराच्या बियांसारखे.
"देवी काढल्या तेव्हाच्या.
आमची आई हसायची, घरात देव एकच
आणि पोरांच्या दंडावर दोन-दोन देवी.
सगळ्यांना काढल्या. शिम्शोनला त्या दिवशी ताप होता,
म्हणून त्याच्या राहिल्या."
शिम्शोन कोण, हे घरात कोणालाच माहीत नव्हतं.
आत्याने बाही खाली ओढली, चहात साखर मागितली.

अवनेर ओट्याशी काकडी चिरत होता.
म्हणाला, "मला कोणी विचारणार आहे का?"
कुकरची एक शिट्टी झाली.
"आई, मला सुईची भीती नाही. तुझ्या तोंडाची आहे.
मी टोचून घेतो. तू बाहेर बस."

तिने पदराला हात पुसले. फ्रिजच्या दारावरच
सही करायला गेली. उभ्या कागदावर पेन
मोझेल झिरा पर्यंत चाललं आणि बंद पडलं.
मग चुंबक काढला, कागद ओट्यावर आडवा घेतला,
काकडीच्या पाण्यापासून जरा लांब,
आणि उरलेलं आडनाव पुरं केलं.

बाहेर ती बसली नाही.

त्या रात्री तीनला जाग आली तर अंथरुणात एकटा.
ती त्याच्या दाराशी, थर्मामीटर घेऊन.
"साडेअठ्ठ्याण्णव," तिने मला न बघता सांगितलं.

सकाळी त्याने डाव्या दंडावर तेफिलीन बांधली.
पेटी सुजेच्या जरा खाली बसली.
पट्टा ओढताना त्याने ओठ चावला,
सोडला, पुन्हा घेतला, वरचा फेरा सैल.
"दुखतंय?"
"थोडं."
ती दारातच उभी राहिली,
कोपरापासून मनगटापर्यंत
त्याचे वेढे मोजत.
सहाव्याला तो चुकला. सोडून
पहिल्यापासून सुरू केलं.
तिनेही.